दीनबंधू अँड्र्यूज

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवी. लेखणी हातात येते ती दुधाचा आणि किराणाचा हिशेब मांडायला. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे इतर भगिनींनी आधीच घेतली होती. मी जे नाव सांगितले ते ऐकून दोघीतिघींनी विचारले, की हा इंग्रज पाद्री तुम्हांला कोठे सापडला?

सापडला तो आमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत. मामंजींच्या पश्चात ट्रंक उघडली तेव्हा गांधीजींचे आत्मचरित्र हाती आले. दुपारच्या वेळी वाचता वाचता त्यात अँड्र्यूज हे नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले. पुढे तालुक्याच्या वाचनालयातून आणखी दोन पुस्तके आणविली. जे इंग्रजीत होते ते थोरल्या लेकीने रात्री जेवणे आटोपल्यावर वाचून मला मराठीत सांगितले. हा लेख तिचाही आहे.

परंतु मी हेच नाव का धरून बसले याला एक दुसरे कारण आहे, आणि ते माझ्या अंगणातले आहे. आपल्या गावाला गळिताच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या पडतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात पहाटे चारच्या सुमारास परसातल्या नळाचा आवाज झाला. चोर असेल म्हणून मी हातात काठी घेऊन बाहेर गेले. नळाखाली कळशी लावून एक बाई उभी होती. विशी-बाविशीची असेल. मला पाहताच ती मटकन खाली बसली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले. मी काठी उगारली नव्हती, हे देवाशपथ सांगते. पण विचारल्याशिवाय पाणी भरायचे नाही असे मात्र तिला दरडावून सांगितले. ती अर्धी कळशी तशीच टाकून गेली. सकाळी मी कळशी घेऊन माळावर गेले तर टोळी दुसऱ्या फडाला हलली होती. ती कळशी अजून माझ्याकडे आहे. त्याच थंडीत मी अँड्र्यूजसाहेबांचे चरित्र वाचत होते, आणि त्यात एके ठिकाणी मला ती बाई भेटली. ते ठिकाण पुढे येईल.

चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडातील न्यूकॅसल येथे झाला. घरात चौदा मुले. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. आईच्या नावावर बऱ्यापैकी पैसा होता, पण ज्या स्नेह्यावर तो सांभाळण्याचे सोपविले होते त्याने तो सट्ट्यात घालविला. त्या दिवशी संध्याकाळी वडिलांनी सर्व मुलांना प्रार्थनेला बसविले आणि प्रार्थना केली ती त्या फसविणाऱ्या स्नेह्यासाठी. घरात तंगी आली, पण त्या माणसाविषयी वाईट शब्द कोणी काढला नाही. आपल्यापैकी किती जणींना हे जमेल कोण जाणे. मला तर जमणार नाही. लहानग्या चार्ल्सच्या मनावर मात्र ती संध्याकाळ कायमची कोरली गेली.

मुलगा हुशार होता. बर्मिंगहॅमच्या शाळेतून तो केंब्रिजला गेला. तेथे उत्तम शिक्षण झाले, मग धर्मोपदेशकाची दीक्षा झाली आणि लंडनच्या वॉलवर्थ या अगदी दरिद्री वस्तीत काही वर्षे काम झाले. त्यांचा एक जिवलग मित्र दिल्लीला मिशनमध्ये काम करीत होता. तो १९०० साली पटकीने वारला. त्याची जागा आपण भरून काढावी हा ध्यास अँड्र्यूजना लागला, आणि २० मार्च १९०४ रोजी ते हिंदुस्थानात उतरले. पुढे आयुष्यभर ते हा दिवस आपला दुसरा वाढदिवस म्हणून पाळीत असत.

दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात ते शिकवू लागले. त्या काळचे बहुतेक गोरे पाद्री हिंदी माणसांशी हातभर अंतर ठेवून वागत. अँड्र्यूजना ते साधलेच नाही. १९०६ साली कॉलेजच्या प्रिन्सिपॉलची जागा रिकामी झाली, तेव्हा ती यांना मिळण्यासारखी होती. पण आपल्यापेक्षा अनुभवी असे सुशीलकुमार रुद्र तेथे असताना केवळ कातडी गोरी म्हणून मी वर बसणार नाही, असा त्यांनी हट्ट धरला. रुद्र प्रिन्सिपॉल झाले आणि हे त्यांच्या हाताखाली आनंदाने राहिले. १९१२ साली लंडनमध्ये त्यांची रवींद्रनाथ टागोरांशी गाठ पडली आणि तेव्हापासून शांतिनिकेतनचीही ओढ लागली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इंग्रजांच्या निरनिराळ्या वसाहतींत उसाचे मळे होते. तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर मळ्यांत राबायला माणसे हवी होती. ती हिंदुस्थानातून न्यायची अशी युक्ती निघाली. खेड्यांतून, जत्रांतून, स्टेशनांतून दलाल फिरत. त्यांना आरकाटी म्हणत. गोड बोलून, कधी फसवून, माणसाचा अंगठा कागदावर घेतला की पाच वर्षांचा करार झाला. त्या 'अॅग्रीमेंट'चे आमच्यासारख्या अडाणी लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. मॉरिशस, नाताळ, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना, फिजी अशा दूरदूरच्या मुलखांत लाखो माणसे अशी गेली. आपल्या कोकणातलीही पुष्कळ माणसे मॉरिशसला गेली आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून नांदतात.

दक्षिण आफ्रिकेतील नाताळात करार संपल्यावरही सुटका नव्हती. तेथेच राहायचे तर माणशी दरसाल तीन पौंडांचा कर, आणि तो बायकांवरही, वयात आलेल्या मुलामुलींवरही. आपले नामदार गोखले १९१२ साली तेथे जाऊन आले. कर उठेल असे त्यांना वाटले होते, पण उठला नाही. त्यातच १९१३ साली एका न्यायाधीशाने निकाल दिला, की ख्रिस्ती विधीने न लागलेली लग्ने कायदेशीर नाहीत. म्हणजे तेथील सगळ्या हिंदू-मुसलमान-पारशी बायका एका दिवसात बिनलग्नाच्या ठरल्या! मग बायकांनीच कंबर बांधली. कस्तुरबा तुरुंगात गेल्या. वल्लिअम्मा नावाची कोवळी पोर तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये मरण पावली.

गोखल्यांनी हिंदुस्थानभर मदतीची हाक दिली, तेव्हा अँड्र्यूजसाहेबांनी आपली होती नव्हती ती सारी शिल्लक त्यांच्या हाती दिली. गोखल्यांनी पैसे घेतले आणि म्हटले, आता तुम्ही स्वतःच जा. आई तिकडे इंग्लंडात आजारी होती. तिला भेटायला जाण्याचे मनात होते. तिने मात्र मुलाला अडविले नाही. विल्यम पिअर्सन या मित्राला बरोबर घेऊन ते निघाले आणि जानेवारी १९१४ च्या आरंभी डर्बनच्या धक्क्यावर उतरले. गांधी कोठे आहेत असे त्यांनी विचारले. मजुरासारखा जाडाभरडा कपडा नेसलेल्या, डोके भादरलेल्या एका किरकोळ माणसाकडे कोणी बोट दाखविले. साहेबांनी सर्वांदेखत वाकून त्यांच्या पायांना हात लावला. गोऱ्या लोकांत केवढा गहजब झाला! एका इंग्रजाने, त्यातून पाद्र्याने, काळ्या माणसाचे पाय धरले म्हणून वर्तमानपत्रांनी झोड उठविली.

तडजोडीची बोलणी चालू असताना कस्तुरबांचे दुखणे विकोपाला गेले. गांधीजी तर करार झाल्याखेरीज हलायला तयार नाहीत. एका शब्दावरून सारे अडून बसले होते. रात्री उशिरापर्यंत जागून दोघांनी मधला शब्द शोधला आणि सकाळी अँड्र्यूजनी तो जनरल स्मट्स यांच्याकडे जाऊन मान्य करून घेतला. त्याच महिन्यात त्यांची स्वतःची आई वारली. ते तिच्याजवळ नव्हते. तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या आणि आजारी असलेल्या कस्तुरबांनी त्यांना आईची माया दिली. पुढे सहा महिन्यांत तीन पौंडांचा कर गेला आणि आपली लग्नेही कायद्याने मानली गेली.

नाताळातच ती गोष्ट घडली जी मला विसरता येत नाही. मळ्यावरून पळून आलेला एक गिरमिटिया मजूर गांधीजींकडे आसऱ्याला आला होता. पाठीवर माराचे वळ होते. त्याची विचारपूस करावी म्हणून अँड्र्यूज पुढे झाले, तो तो मनुष्य भिऊन आक्रसला. गोरा हात पुढे येतो तो मारायलाच, एवढेच त्याला माहीत होते. गांधीजी जवळ गेले तेव्हा मात्र तो शांत झाला. हे वाचले तेव्हा माझ्या हातातले पुस्तक तसेच राहिले. अँड्र्यूजसाहेबांच्या हातात तर काठीही नव्हती.

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी मिशन सोडले आणि ते शांतिनिकेतनात राहायला गेले. धोतर-कुडता घालू लागले. त्यांनी ख्रिस्ताला सोडले असे मात्र कोणी समजू नये. लोकांना आपल्या धर्मात ओढणे हे आपले काम नव्हे, त्यांच्या दुःखात त्यांच्या शेजारी उभे राहणे हीच ख्रिस्ताची सेवा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. १९१५ साली त्यांना पटकी झाली. त्यातून उठून सिमल्याला विश्रांती घेत असता एके दिवशी जागेपणीच तो वळ उठलेला मजूर त्यांना डोळ्यांसमोर दिसला, आणि पाहता पाहता त्याचा चेहरा ख्रिस्ताचा झाला. आपल्याकडेही नामदेवांना कुत्र्यात विठ्ठल दिसला, एकनाथांना गाढवाला पाणी पाजताना देव भेटला, तेव्हा आपण वारकरी माणसांनी याचे नवल करू नये. त्या दिवसापासून गिरमिट बंद करायचे हा एकच नाद त्यांनी घेतला आणि वर्ष संपण्यापूर्वीच ते पिअर्सनसह फिजीला पोचले.

फिजी हा ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडे समुद्रातला बेटांचा पुंजका. १८७९ पासून १९१६ पर्यंत ६०,००० हून अधिक हिंदी माणसे तेथे उसासाठी नेली गेली. ख्रिस्ती मिशनरी तेथे फार पूर्वीपासून होते, पण त्यांचे काम मूळच्या फिजी लोकांत. हिंदी मजुरांकडे बरीच वर्षे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. १८९७ साली हॅना डडली नावाच्या एकट्या मिशनरी बाई सुवा शहरात आल्या. त्यांना हिंदुस्थानी येत होते. त्यांनी मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली, पोरकी मुले स्वतःच्या घरात वाढविली. बर्टन नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याने १९१० साली पुस्तक लिहून मळ्यांवरचे हाल जगापुढे मांडले. अँड्र्यूजसाहेबांच्या आधी या दोघांची नावे घेतली पाहिजेत. आणि एकवीस वर्षे फिजीत काढून परत आलेले तोताराम सनाढ्य यांचेही, कारण त्यांनी १९१४ साली हिंदीत आपली हकीकत छापली आणि ती गावोगाव वाचली गेली.

मळ्यावरच्या चाळींना 'लाईन' म्हणत. एकेक खोली एवढीशी, की तीत तीन एकटे पुरुष, नाहीतर एक जोडपे आणि त्यांची मुले. मधली भिंत छपरापर्यंत पोचत नसे, त्यामुळे एका खोलीतला शब्द दुसरीत ऐकू जाई. स्वयंपाक, झोप, आजार सारे त्यातच. पहाटेच्या अंधारात उठून भाकऱ्या भाजायच्या आणि फडावर जायचे. पुऱ्या कामाला पुरुषाला दिवसाचा एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. ठरलेले काम पुरे झाले नाही तर तेवढेही नाही, वर कोर्टात खेचून शिक्षा. (आपल्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात आणि उचल नवऱ्याच्या हातात पडते. बाईचे नऊ पेन्ससुद्धा वेगळे मोजले जात नाहीत.)

कायद्याने दर १०० पुरुषांमागे ४० बायका न्यायच्या असे ठरले होते. यातून काय अनर्थ होईल हे सांगायला पंडित नको. खून पडत, माणसे गळफास घेत. तेथील हिंदी लोकांतल्या आत्महत्या पाहून अँड्र्यूज हादरले. कुंती नावाच्या वीस वर्षांच्या बाईची हकीकत तर १९१३ साली हिंदुस्थानच्या वर्तमानपत्रांत गाजली होती. तिला मुद्दाम एकटीला दूरच्या तुकड्यात कामाला लावले आणि गोरा ओव्हरसियर अंगावर आला. तिने हिसडा देऊन सरळ नदीत उडी घेतली. एका मुलाने होडीतून तिला वाचविले. अधिकाऱ्यांनी तिलाच खोटी ठरविण्याचा प्रयत्न केला, पण ती आपल्या जबानीवर ठाम राहिली.

येथे मला एक स्पष्ट लिहायचे आहे. अँड्र्यूजसाहेबांनी फेब्रुवारी १९१६ मध्ये जो अहवाल छापला, त्यात तेथील बायकांच्या वागणुकीविषयी फार कडक लिहिले आहे. हेतू चांगला होता, गिरमिटाने माणसाचे काय होते ते दाखवायचे होते. पण शंभरात चाळीस बायका नेल्या कोणी, लाईनी बांधल्या कोणी, आणि डाग कोणाच्या पदराला? कुंतीसारख्याही तेथे होत्याच की. अलीकडच्या काही इतिहासकारांनीही हा दोष दाखविला आहे असे लेक म्हणाली, तेव्हा मला बरे वाटले. थोर माणसाचेही सगळेच खरे असते असे नाही.

त्या अहवालाचा परिणाम मात्र मोठा झाला. मार्च १९१६ मध्ये पंडित मालवीयांनी कायदे कौन्सिलात ठराव आणला आणि व्हाइसरॉयांनी तत्त्व मान्य केले. पण 'योग्य काळी' बंद करू असे म्हणून सरकारने घोळ घातला. तेव्हा १९१७ साली देशभर सभा सुरू झाल्या. मुंबईच्या जाईजी पेटिट यांनी बायकांचे शिष्टमंडळ जमविले, त्यात लेडी टाटाही होत्या. ह्या भगिनी थेट व्हाइसरॉयांना भेटल्या आणि त्यांच्या जाण्याचा चांगला परिणाम झाला असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी नवी भरती थांबली. ज्यांना कोणी मत विचारीत नव्हते अशा बायकांनी हे केले, म्हणून ते आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत असायलाच हवे.

भरती थांबली तरी जे आधीच गेले होते ते अडकलेलेच होते. गांधीजी तेव्हा चंपारणात होते आणि तेथील मंडळींना अँड्र्यूज आपल्याजवळ हवे होते. पण गांधीजींनीच त्यांना फिजीला पिटाळले. या खेपेला ते कित्येक महिने मजुरांच्या वस्त्यांत राहिले. मळ्यांच्या कंपनीने दाद दिली नाही, तेव्हा ते ऑस्ट्रेलियात गेले आणि तेथील महिला संस्थांपुढे सारी हकीकत मांडली. त्या बायकांनी ऐकून सोडून दिले नाही. वर्गणी काढून मिस गार्नहॅम नावाच्या बाईंना १९१८ साली चौकशीसाठी फिजीला पाठविले, आणि त्यांनीही अँड्र्यूज सांगतात ते खरे असाच अहवाल दिला. साखर खाणाऱ्या बायकांनी साखर पिकविणाऱ्या बायकांची चौकशी केली, हे मला फार विशेष वाटते. अखेर १ जानेवारी १९२० पासून फिजीतील उरलेले सारे करार रद्द झाले.

लोक त्यांना दीनबंधू म्हणू लागले ते याच काळात. पुढची वीस वर्षे माणूस एका जागी ठरला नाही. पूर्व आफ्रिकेतील हिंदी लोकांची बाजू घेतली म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना आगगाडीत गाठून दाढी ओढून मारहाण केली. तिकडे गोरे त्यांना देशद्रोही म्हणत, आणि इकडे आपल्यातलेच काही लोक हा सरकारचा हेर तर नसेल, अशी शंका घेत. १९२१ साली आसामच्या चहामळ्यांतून पळालेले मजूर चांदपूरला अडकले, त्यांच्यात पटकी शिरली, तेव्हा हे तेथे हजर. दक्षिण आफ्रिका, ब्रिटिश गयाना, मलाया, जेथे जेथे हिंदी मजूर तेथे तेथे जाऊन आले. जवळ काही टिकत नसे. कोणी अंगावर चांगला कोट घातला की दोन दिवसांत तो दुसऱ्याच्या अंगावर दिसे. लग्न केले नाही. (केले असते तर त्या माउलीचे काय झाले असते कोण जाणे!)

१९२४ च्या जानेवारीत गांधीजींवर पुण्याच्या ससून इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अँड्र्यूज शुश्रूषेला धावले. मग जुहूला ते बरे होत असतानाही जवळ राहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या एकवीस दिवसांच्या उपासातही उशाशी हेच होते. आमच्या मामंजींच्या वडिलांनी त्या दिवसांत पुण्यात दाढीवाला, धोतर नेसलेला साहेब पाहिला होता असे घरात सांगतात. तो हाच असेल असे मला वाटते, पुरावा काही नाही.

१९४० च्या आरंभी प्रकृती ढासळली. कलकत्त्याला शस्त्रक्रिया झाल्या, गांधीजी येऊन भेटून गेले. ५ एप्रिल १९४० रोजी त्यांचे देहावसान झाले. दफन कलकत्त्यातच झाले. मागे घर नाही, पैसा नाही. त्यांच्या स्मारकासाठी पाच लाख रुपये जमवायचे होते, ते गांधीजींनी १९४२ साली मुंबईत स्वतः हिंडून गोळा केले आणि शांतिनिकेतनाला दिले. १९७१ साली जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपालाचे तिकीट काढले.

गेल्या दिवाळीच्या बैठकीत मी मंडळाच्या खोलीबाहेरचा नळ पहाटे टोळीवाल्या बायकांसाठी उघडा ठेवण्याची सूचना मांडली. पाणीपट्टी कोण भरणार, चिखल कोण काढणार यावर बरीच वादावादी झाली ती सर्वांना आठवत असेल. चार मते विरुद्ध पडली, ठराव मंजूर झाला. नळाच्या पेटीची किल्ली या हंगामात पौषापर्यंत माझ्याकडे आहे. पहाटे चारला मी उघडते. दुखणाऱ्या पोरांची आणि साखरशाळेत नाव घालायच्या मुलांची नावे तेथेच लिहून घेते, वही खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. ती कळशीही नळाजवळ ठेवली आहे, अजून कोणी ओळखलेली नाही. माघापासून किल्ली कोणी घ्यायची हे पुढच्या बैठकीत ठरवायचे आहे. ज्यांना पहाटे उठणे जमेल त्यांनी कार्यवाहबाईंकडे नाव द्यावे.